दर शेजारच्या सोसायटीला विचारू नका

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे मा. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांस,



पत्र तिघांच्या नावे असले तरी खजिनदारांनी ते आधी वाचावे, कारण यात आकडे आहेत. ते तपासून पाहावेत, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

माझी सगळी नोकरी सुरक्षा एजन्स्यांच्या कार्यालयांत पगारपत्रके करण्यात गेली. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर इथल्या गेटांवरच्या माणसांचे मस्टर महिन्याच्या सुरुवातीला माझ्या टेबलावर यायचे. तुमचे चेक वेळेवर आले तर पगार दहा तारखेपर्यंत होत, नाहीतर पंधरा-वीस तारीख उजाडे. गणवेश एक, काम एक, मालक एक, शहरे मात्र वेगळी. हे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते आणि ज्यांना मिळते ते सहसा गप्प बसतात. मीही बसले होते. निवृत्तीनंतर गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही.

त्या मस्टरांत मला काय दिसले ते आधी सांगते. या शहरांच्या राहणीखर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण पगाराच्या रकान्यात तो फरक किरकोळ असे. खरा फरक दिसे तो ड्युट्यांच्या रकान्यात. नाशिकच्या माणसाच्या नावापुढे २६ ते ३० ड्युट्या असत, मुंबई-पुण्याच्या माणसापुढे ४०, ४५, कधी त्याहूनही जास्त. महिन्याचे दिवस तीसच असताना पंचेचाळीस ड्युट्या म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात आले असेल. बारा तासांची दिवसपाळी संपवून तोच माणूस रात्रपाळीला उभा राहतो. आमच्या धंद्यात त्याला ‘डबल मारणे’ म्हणतात. शहर महाग झाले की रखवालदाराचा पगार वाढत नाही, त्याची ड्युटी वाढते.

याला एकटी एजन्सी जबाबदार आहे असे तुम्ही म्हणाल. एजन्स्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण दर कसा ठरतो ते मी फोनच्या या टोकाला बसून वर्षानुवर्षे ऐकले आहे. सचिव तीन कोटेशने मागवतात. समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारतो, “समोरची सोसायटी किती देते?” समोरच्या सोसायटीने तिच्या बाजूच्या सोसायटीला विचारलेले असते. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे, हे कुणालाच ठाऊक नसते. गेटवरच्या माणसाला कुठे राहावे लागते, किती भाडे भरावे लागते, कामावर यायला काय लागते, हे प्रश्न बैठकीत येतच नाहीत. सर्वात कमी कोटेशन मंजूर होते आणि इतिवृत्तात ‘एकमताने’ असे लिहिले जाते.

आता हिशेब. आठ तासांच्या ड्युटीचा किमान पगार, मूळ आणि महागाई भत्ता मिळून, सोपा म्हणून १५,००० धरू. तुमच्या शहरातला चालू दर कामगार आयुक्तांच्या तक्त्यात मिळेल, तो घालून हाच हिशेब पुन्हा करा. १५,००० वर ५ टक्के घरभाडे भत्ता ७५०. भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा आणि त्यावरचे आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५०. राज्य कामगार विम्याचे ३.२५ टक्के, साधारण ५१०. बोनस ८.३३ टक्के, १,२५०. आठवड्याच्या सुट्टीला दुसरा माणूस उभा करायचा तर त्या रिलीव्हरचा सहावा हिस्सा, २,६२५. बेरीज २२,००० च्या थोडी वर जाते. एजन्सीचा सेवा आकार ८ टक्के धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर एका माणसाचे बिल २८,००० च्या पुढे जाते. गणवेश आणि ग्रॅच्युइटी यात धरलेलीच नाही.

आणि हे आठ तासांचे झाले. तुम्ही घेता बारा तास. जादा तासाला दुप्पट दर, असा नियम आहे. म्हणजे आठ तासांवरचे चार तास आठ तासांच्या भावाने मोजायचे. बारा तासांच्या ड्युटीची मजुरी आठ तासांच्या ड्युटीच्या बरोबर दुप्पट होते. हे सांगितल्यावर एका खजिनदारांनी मला, “मॅडम, असं कुणीच देत नाही,” असे उत्तर दिले होते. ते खरेच बोलत होते.

आता उलट्या बाजूने या. बारा तासांचा माणूस ‘जीएसटीसकट १८,०००’ या दराने तुम्ही ठरवलात. त्यातला जीएसटी काढला की १५,२५० उरतात, एजन्सीचा आकार काढला की १४,१०० च्या आसपास. त्यातून निधी, विमा, बोनस हे सगळे द्यायचे. माणसाच्या हातात दहा-अकरा हजार पडतात, तेही तीसच्या तीस दिवस भरले तर. कायद्याप्रमाणे हे बसत नाही हे बिल करणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून मग कागदावर पगाराचे तुकडे पडतात. मूळ वेतन कमी दाखवायचे, धुलाई भत्ता, प्रवास भत्ता अशी नावे वाढवायची, म्हणजे निधी कमी भरावा लागतो. हे तुकडे मी स्वतःच्या हाताने पाडले आहेत. तुमच्याकडे येणाऱ्या बिलात मात्र ‘रक्षक २ × १८,०००’ एवढीच एक ओळ असे आणि कुणी दुसरी ओळ मागितल्याचे क्वचितच आठवते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ ने मनाई केलेली वेठबिगारीच. शब्द कठोर आहे. तो माझा नाही.

शहरांकडे येते. मुंबईतला रखवालदार बहुधा मुंबईत राहत नाही. नालासोपारा, विरार, दिवा, टिटवाळा. सकाळी आठला अंधेरीच्या गेटवर सही करायची तर पाचला उठायचे, रात्री आठला सुटून दहाला घरी. जो जवळ राहतो तो खाटेच्या हिशेबाने राहतो. दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रात्रपाळीचा येऊन आडवा होतो आणि दोघे भाडे वाटून घेतात. मुंबईने त्याच्यावर एकच उपकार केला आहे, लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास. 

पुण्यात तोही आधार नाही. इथे भाडे मुंबईहून कमी, पण कामाची जागा खराडीत आणि खोली धायरीत, अशी गत. पीएमपी बससेवेने २०२५ च्या जूनमध्ये मासिक पास ९०० वरून १,५०० रुपये केला. एका महिन्यात ६०० रुपये वाढले. त्या महिन्यात किंवा त्यानंतर किती सोसायट्यांनी आपल्या रखवालदाराचा दर त्या कारणाने वाढवला? मी पुण्यातच राहते, माझ्या आसपास एकही मला माहीत नाही. जुनी दुचाकी असेल तर पेट्रोल, नसेल तर सायकल. बीड, लातूर, धाराशिवकडून आलेली मुले चौघे-पाच जण मिळून एक खोली घेतात, म्हणून पुण्यात टिकतात. लग्न झाले, बायको-मुले इथे आणली की हिशेब कोसळतो. मग डबल.

नाशिकचे चित्र वेगळे होते. तिथे आमच्याकडे निफाड-दिंडोरीकडची माणसे असत. घर गावात, भाडे शून्य, ज्वारी-बाजरी घरची, येणे-जाणे स्वतःच्या गाडीवर. शिवाय सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले साठीचे लोक. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यात कुणाचे भागत नाही, म्हणून हे लोक रात्रभर गेटवर खुर्ची टाकून बसतात. त्यांना पगार मुंबईपेक्षा कमी, पण महिनाअखेर हातात उरते ते मुंबईच्या माणसापेक्षा जास्त. नागपूरचेही बऱ्याच अंशी तसेच. मोठ्या शहरात जाऊन मोठा पगार मिळवावा, हा आपला जुना समज या धंद्याला लागू पडत नाही. पगाराचा आकडा थोडा मोठा होतो आणि सगळा घरमालकाच्या खिशात जातो.

यावर सरकारचा तक्ता काय म्हणतो? दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या किमान वेतनासाठी राज्याने तीन परिमंडळे केली आहेत. सगळ्या महानगरपालिका पहिल्या परिमंडळात येतात. म्हणजे मुंबई, मालेगाव, लातूर आणि परभणी एकाच रांगेत. लागोपाठच्या दोन परिमंडळांतला मूळ दराचा फरक तरी किती? महिन्याला ६०० रुपयांच्या आत. महागाई भत्ताही राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांच्या निर्देशांकांची सरासरी काढून ठरतो. भाडे मुंबईचे भरायचे आणि भत्ता सरासरीचा घ्यायचा. घरभाडे भत्ता तर पगाराच्या ५ टक्के, मग खोली कुर्ल्यात असो की लातूरच्या खाडगाव रस्त्यावर.

ही सरसकट मोजणी सरकारला सगळीकडे मान्य आहे असेही नाही. तुमच्यापैकी बरेच जण सरकारी खात्यांतून, बँकांतून निवृत्त झालेले आहात, त्यामुळे पुढचे तुम्हाला नवीन नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शहरांच्या तीन श्रेणी करते. मुंबई वरच्या श्रेणीत होतीच, पुण्याला २०१५ साली तिथे घेतले. नाशिक, नागपूर मधल्या श्रेणीत. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली घरभाडे भत्त्याला तळ घातला गेला. सर्वात कमी पगाराच्या कर्मचाऱ्यालाही वरच्या श्रेणीच्या शहरात महिना ५,४०० रुपयांपेक्षा कमी मिळणार नाहीत, मधल्या श्रेणीत ३,६००, उरलेल्या ठिकाणी १,८००. म्हणजे पुण्यात डोक्यावर छप्पर घ्यायला किमान ५,४०० लागतात, हे सरकारने स्वतःच्या शिपायासाठी तेव्हाच कबूल केले. तुमच्या रखवालदाराला त्याच शहरात ७५० मिळतात. तेही मिळाले तर.

दुसरे उदाहरण आणखी बोचरे आहे. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून जे दर लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्यासारख्या ‘अ’ क्षेत्रात शस्त्र नसलेल्या पहारेकऱ्याचा दर दिवसाला ९५४ रुपये, २६ दिवसांचे २४,८०४. केंद्राच्या हिशेबात पहारेकरी कुशल कामगारांच्या रांगेत बसतो. दिल्ली सरकारने एप्रिल २०२५ पासून अगदी अकुशल कामगारालाही १८,४५६ ठरवले. तेव्हा ‘बाजारभावच इतका आहे’ हे उत्तर मला पटत नाही. रस्त्याच्या एका बाजूला केंद्रीय आस्थापनेचे गेट असते आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या सोसायटीचे. बाजार दोघांचा एकच, घरमालकही कदाचित एकच.

कर मात्र सगळ्यांना समान. महिना १०,००० च्या वर पगार गेला की पुरुष कामगाराला वर्षाचे २,५०० रुपये व्यवसाय कर. दक्षिण मुंबईतल्या कंपनीचा संचालकही तेवढाच भरतो, तुमचा रखवालदारही. महिलांना अलीकडे २५,००० पर्यंत माफी मिळाली, ते बरे झाले. पगारपत्रकात रखवालदारांच्या नावापुढे दर महिन्याला तो कर कापताना मला सगळ्यात जास्त राग येई, निधी कापतानाही तेवढा येत नसे.

आता तुमची अडचण. ती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. एका गेटावर चोवीस तास माणूस हवा तर आठवड्याचे १६८ तास होतात. ४८ तासांच्या आठवड्याने साडेतीन माणसे लागतात. तुम्ही दोघांत भागवता, म्हणजे प्रत्येकी आठवड्याला ८४ तास. वर मांडलेल्या हिशेबाने तीन पाळ्यांचे, रिलीव्हर धरून, ८४,००० होतात. तुम्ही आज देता ३६,०००. फरक ४८,०००. शंभर घरांच्या सोसायटीत घरामागे ४८० रुपये. ही रक्कम जड आहे असे शंभर घरांच्या सोसायटीने मला सांगू नये. तिथे एका घरात इंटरनेट आणि ओटीटीवर याहून जास्त जातात. पण सोळा घरांच्या जुन्या इमारतीत घरामागे ३,००० रुपये होतात, आणि त्यातली निम्मी घरे पेन्शनवर चालणारी असतात. त्यांना हे परवडणार नाही.

अशा सोसायट्यांना माझे स्पष्ट म्हणणे असे की चोवीस तासांचा रखवालदार ठेवू नका. फक्त रात्रीची एक पाळी ठेवा आणि तिचे योग्य पैसे द्या. गल्लीतल्या तीन-चार इमारतींनी मिळून एक गेट करता येते का पाहा. दिवसा कॅमेरा आणि कुलूप पुरेल. परवडत नसताना माणूस ठेवायचा आणि न परवडलेला भाग त्याच्या झोपेतून वसूल करायचा, याला काटकसर म्हणता येत नाही. पहाटे चारला खुर्चीत मान टाकलेल्या रखवालदाराचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणाऱ्या सभासदाने त्या महिन्यातल्या त्याच्या ड्युट्याही मोजून टाकाव्यात.

एक गाऱ्हाणे एजन्सी बदलण्याबद्दल. दर वर्ष-दोन वर्षांनी नवी समिती येते, नवे कोटेशन येते, नवी एजन्सी येते. गेटवरचा माणूस तोच राहतो, गणवेश तेवढा बदलतो आणि त्या गणवेशाचे पैसे पुन्हा त्याच्याच पगारातून कापले जातात. ग्रॅच्युइटीसाठी एकाच मालकाकडे साधारण सलग पाच वर्षे लागत आली आहेत, ती या खेळात कधीच भरत नाहीत. निधीचा जुना खाते क्रमांक नव्याला जोडला जात नाही, आणि बारा वर्षे एकाच गेटवर काढलेल्या माणसाची चार ठिकाणी चार तुटपुंजी खाती पडून राहतात. यावर उपाय महाराष्ट्रात फार आधीपासून आहे. माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला आणि सुरक्षा रक्षक मंडळे उभी राहिली. मंडळाकडे नोंदलेल्या रक्षकाचा पगार, निधी, रजा, बोनस मंडळातून जातो, गेट बदलले तरी त्याचे काही बुडत नाही. मंडळाचा दर ऐकल्यावर तुम्ही फोन ठेवता. निदान यापुढे तो दर इतिवृत्तात नोंदवून मग नाकारा.

मागण्या थोड्याच आहेत. एजन्सीकडून एका ओळीचे बिल घेऊ नका, माणसागणिक फोड मागा. मागच्या महिन्याचे निधी आणि विम्याचे चलन सोबत असल्याशिवाय चेक सोडू नका, आणि त्या चलनात तुमच्या रक्षकाचे नाव आहे का हे स्वतः वाचा. शंभर घरांवरच्या सोसायट्यांनी आठ तासांच्या तीन पाळ्या कराव्यात. ते लगेच जमत नसेल तर निदान आठवड्याची सुट्टी पगारी द्या आणि रिलीव्हरचे पैसे वेगळे भरा, म्हणजे एजन्सी दुसऱ्या गेटवरचा थकलेला माणूस तुमच्याकडे पाठवणार नाही. घरभाड्यासाठी मुंबई-पुण्यात ५,४०० आणि नाशिक-नागपुरात ३,६०० ही मोजपट्टी धरा. एकदम पूर्ण नसेल जमत, निम्म्यापासून सुरू करा, पण शहर पाहून करा. पीएमपीचा किंवा लोकलचा पास सोसायटीने काढून द्यायला कुठल्या कायद्याची आडकाठी नाही. आणि रखवालदाराला गाड्या पुसायला, सिलिंडर वर चढवायला, कुत्रा फिरवायला लावू नका. जो लावतो त्याने त्याचे पैसे त्याच्या हातात वेगळे द्यावेत.

शौचालयाबद्दल लिहिण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते. ज्या इमारतीतल्या एकेका घरात तीन-तीन न्हाणीघरे आहेत, तिथला रखवालदार कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर जातो. आता कित्येक गेटांवर बायकाही ड्युटी करतात. एवढेच लिहिते.

तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायला हवी. तिच्या विषयपत्रिकेत सुरक्षेच्या कंत्राटाचा विषय असेलच, बहुतेक शेवटून दुसरा, चहा येण्याच्या सुमारास. या वर्षी तो लेखापरीक्षणाच्या अहवालानंतर लगेच घ्यावा आणि सोबत तीन कागद जोडावेत. एजन्सीने दिलेली पगाराची फोड, तुमच्या परिमंडळाचा चालू किमान वेतनाचा तक्ता आणि मागच्या महिन्याचे हजेरीचे मस्टर. फोड करून घ्यायला कुणी हाताशी नसेल तर मला कळवा, पुण्यात कुठेही येईन. मानधन नको. गेटवर कुणाच्या नावाने सही करायची तेवढे सांगून ठेवा.



आपली,
एक निवृत्त पगार-कारकून
पुणे